वहीतलं नाव: पोलिओच्या मोहिमेतून सुटणारी मुलं उत्तर प्रदेशानं आणि बिहारनं कशी शोधली

२००२ साली भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले. त्यांतले १,२४२ एकट्या उत्तर प्रदेशातले होते. आदल्या वर्षी देशभरात मिळून २६८ रुग्ण होते. पल्स पोलिओ देशभर सुरू होऊन सात वर्षं झाली होती आणि १९९९-२००० पासून लसीकरण पथकं बूथ सोडून घरोघरी जात होती. अहवालांतले टक्के बहुतेक ठिकाणी उत्तम होते. तरीही मुरादाबाद, बदायूं, बरेली, रामपूर या पट्ट्यात मुलांचे पाय लुळे पडत होते.

या प्रकरणातला पहिला प्रश्न त्या टक्क्यांचा आहे. मोहिमेचं लक्ष्य ठरायचं ते जनगणनेवर आधारलेल्या अंदाजावरून किंवा मागच्या फेरीच्या आकड्यावरून. अमुक ब्लॉकमध्ये पाच वर्षांखालची इतकी मुलं असतील, असं गृहीत धरायचं आणि पाजलेले डोस त्या संख्येनं भागायचे. अंदाज कमी असेल तर टक्का शंभराच्याही वर जातो, आणि गावाच्या टोकाच्या वस्तीत एकाही मुलाला डोस मिळालेला नसला तरी कागद हिरवागार राहतो. जे मूल मुळात मोजलंच गेलं नाही, ते सुटल्याची नोंद होणार तरी कुठे? लसीकरणाच्या कामात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच मुलाची. नकार देणाऱ्या घराचा पत्ता निदान माहीत असतो.

पश्चिम उत्तर प्रदेशात आणखी एक अडचण होती, तिची नेमकी कल्पना यायला वेळ लागला. तोंडावाटे पाजायची लस तिथे फार कमी लागू पडत होती. दाट वस्ती, उघडी गटारं, सततचे जुलाब यांमुळे आतड्यात लसीचा विषाणू नीट रुजत नसे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार जुन्या त्रिगुणी लसीच्या (पोलिओच्या तिन्ही प्रकारच्या विषाणूंविरुद्धच्या) एका डोसानं टाइप १, म्हणजे पहिल्या प्रकारच्या, विषाणूपासून संरक्षण मिळण्याचं प्रमाण उत्तर प्रदेशात सुमारे ९ टक्के होतं. बिहार आणि उत्तर प्रदेश वगळता उरलेल्या भारतात ते सुमारे २१ टक्के होतं. एरवी मुलाला तीन-चार डोस पुरतात. मुरादाबादेत सात-आठ डोस घेतलेली मुलंही आजारी पडत होती. म्हणजे इथे एखादी फेरी चुकणंही महाग होतं आणि जन्मापासूनची प्रत्येक फेरी मोलाची होती. रुग्ण बहुतांशी दोन वर्षांखालचे असत. त्या काळात उत्तर प्रदेशात दर महिन्याला सुमारे पाच लाख बाळं जन्माला येत. दोन फेऱ्यांच्या मधे जन्मलेल्या या बाळांचा पत्ता मोहिमेला लागणार कसा, हा दुसरा प्रश्न.

दारावरची खूण आणि घरातली वही

पथकाची कामाची पद्धत ठरलेली होती. डोस पाजला की मुलाच्या डाव्या करंगळीला शाई लावायची. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर दाराशेजारी भिंतीवर खडूनं ‘पी’ लिहायचं, एखादं मूल राहिलं असेल तर ‘एक्स’. सोबत तारीख, पथकाचा क्रमांक आणि पुढच्या घराकडे जाणारा बाण. दिवस संपला की ‘एक्स’ घरांची यादी दुसऱ्या पथकाकडे जाई आणि ते पथक त्याच घरांना पुन्हा भेट देई. पुढे ‘एक्स’चेही प्रकार पाडले गेले. घराला कुलूप आहे, मूल आजारी आहे, मूल गावाबाहेर गेलं आहे, की घरच्यांनी नकार दिला आहे, हे वेगवेगळ्या खुणांनी कळू लागलं.

ही सुधारणा कागदावर किरकोळ दिसते. तोवर ‘सुटलेली मुलं’ हा एकच गठ्ठा होता आणि बहुतेकांच्या मनात त्याचं एकच स्पष्टीकरण होतं: लोक अडाणी आहेत, अफवांवर विश्वास ठेवतात. प्रकार वेगळे केल्यावर दिसलं की मोठा भाग नकाराचा नव्हताच. कुलूप होतं, मूल शेतावर होतं, मामाच्या गावी गेलं होतं. कुलूपबंद घराला धर्मगुरूंचं आवाहन ऐकवून काय उपयोग? तिथे संध्याकाळी सातनंतर जावं लागतं. आजारी मुलाच्या आईला डॉक्टरांनी धीर द्यावा लागतो. आणि नकारातही अनेक तऱ्हा होत्या. एका घरात नवरा परगावी असल्यानं सून निर्णय घेऊ शकत नसे. दुसऱ्या घरात लसीनं मूल पुढे वांझ होईल ही भीती असे. तिसऱ्या घरचे म्हणत, आमच्या गल्लीत नाली नाही, वीज नाही, दवाखाना नाही, आणि थेंब पाजायला मात्र तुम्ही दर महिन्याला येता! हा तिसरा नकार मला अगदी रास्त वाटतो. त्याला अज्ञान म्हणणं अन्यायाचं होतं.

पण दारावरच्या खुणेला एक मर्यादा होती. ती दारापासून सुरू होते आणि दाराशीच थांबते. आत किती मुलं आहेत ते घरच्यांनी सांगितलं तरच कळतं, आणि पथक तर अर्ध्या मिनिटात पुढे जाणारं. बाळंतिणीच्या खोलीतलं बारा दिवसांचं बाळ कोण दाखवणार? परक्या पुरुषाला तर नाहीच.

इथे युनिसेफ, स्वयंसेवी संस्थांचा कोअर ग्रुप आणि रोटरी यांच्या पाठबळावर उभं राहिलेलं सामाजिक संघटन जाळं कामाला आलं. ‘एसएमनेट’ या नावानं ते ओळखलं जाई. उत्तर प्रदेशात त्याची बांधणी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाली, नंतर ते बिहारमध्येही गेलं. सर्वांत खालची पायरी होती कम्युनिटी मोबिलायझेशन कोऑर्डिनेटर, थोडक्यात सीएमसी. या मुख्यतः त्याच मोहल्ल्यातल्या स्त्रिया असत, तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या. प्रत्येकीकडे साधारण तीनशे ते पाचशे घरं. भराच्या काळात अशा कार्यकर्त्यांची संख्या सात हजारांच्या पुढे गेली होती.

प्रत्येकीकडे एक वही असे. तिला फील्ड बुक म्हणत. त्यात कुटुंबाचं नाव, पाच वर्षांखालची मुलं नावानिशी, वय, प्रत्येक फेरीत डोस मिळाला की नाही, घरात कोणी गरोदर आहे का, बाळंतपण कधी अपेक्षित आहे, नियमित लसीकरण कुठवर आलं आहे, अशा सगळ्या नोंदी होत्या. मोहिमेच्या बाकी कागदांवर आकडे असत, इथे नावं होती. मोहल्ल्यातल्या बाईला गरोदरपण लपवता येत नाही. दाईशी तिची ओळख असते, कोणाच्या घरी सून आली आणि कोणाची मुलगी सासरहून परतली हे तिला विचारावंही लागत नाही. त्यामुळे बाळ जन्मायच्या आधीच वहीत त्याची जागा तयार असे. मुरादाबादेत नवजात बाळांचा असा पाठपुरावा पद्धतशीर झाला आणि तिथून तो इतरत्र नेला गेला. जन्मलेल्या बाळाला लागोपाठच्या फेऱ्यांत डोस मिळतो आहे ना, हे नावावर बोट ठेवून पाहिलं जाई.

संध्याकाळची बैठक

नुसती माहिती गोळा करणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. अंगणवाडीच्या रजिस्टरांची चळत पाहिलेल्या कोणालाही हे माहीत आहे. या प्रकरणात वेगळं होतं ते माहितीचं चक्र किती लहान ठेवलं गेलं ते. मोहिमेच्या दिवसांत रोज संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रावर किंवा नियोजन केंद्रावर बैठक भरे. पर्यवेक्षक, वैद्यकीय अधिकारी, जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकार यांच्या पोलिओ सर्वेक्षण प्रकल्पाचे लोक आणि एसएमनेटचे ब्लॉक समन्वयक तिथे असत. आज कोणत्या भागात किती ‘एक्स’ राहिले, कोणत्या कारणानं, आणि उद्या तिथे कोण जाणार, हे तिथेच ठरे. एखाद्या गल्लीत पाच घरांनी नकार दिला असेल तर त्या गल्लीत ज्याचा शब्द चालतो असा माणूस वहीतून शोधला जाई. कुठे तो मशिदीचा इमाम असे, कुठे जुना हकीम, कुठे शाळेचे हेडमास्तर, कुठे मुलांना आधी लस पाजलेली शेजारीण.

वहीत नाव लिहिणाऱ्या बाईला आपण लिहिलेल्या ओळीवर दुसऱ्या दिवशी काहीतरी घडलेलं दिसे. माझ्या मते या पद्धतीचा प्राण इथे होता. ज्या नोंदीचं पुढे काय झालं हे नोंदवणाऱ्याला कधीच कळत नाही, ती नोंद वर्षभरात खोटी व्हायला लागते.

खोटेपणा इथेही होता. ‘एक्स’ कमी दाखवण्याचा दबाव वरून येई आणि काही पथकं डोस न पाजताच ‘पी’ लिहून मोकळी होत. कधी नुसतीच शाई लावली जाई. म्हणून पथकाशी संबंध नसलेले निरीक्षक ‘पी’ घरांतही जाऊन करंगळ्या तपासत. सीएमसीच्या वहीतलं नाव, भिंतीवरची खूण आणि मुलाचं बोट या तिन्हींचा मेळ बसतो का, हे पाहिलं जाई. एकाच गोष्टीची नोंद तीन वेगवेगळ्या हातांनी होत असल्यामुळे चूक पकडता येई. लोकांनी दिलेली माहिती म्हणजे आपोआप खरी माहिती, असं इथे कोणी मानलं नाही आणि ते योग्यच झालं.

धर्माचा रकाना

२००२ च्या उद्रेकात उत्तर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक रुग्ण मुलं मुसलमान होती, आणि राज्याच्या लोकसंख्येत मुसलमानांचं प्रमाण २००१ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेअठरा टक्के. ही तफावत दडवणं चुकीचं ठरलं असतं. पण ती ज्या तऱ्हेनं बोलली जाऊ लागली ती धोक्याची होती: मुसलमान लस घेत नाहीत. प्रत्यक्षात त्याच वस्त्यांत नियमित लसीकरणाची सत्रं भरत नव्हती, परिचारिका फिरकत नव्हत्या, पाणी दूषित होतं. नंतर धोरण आखताना या वस्त्यांना ‘सेवेपासून वंचित’ या नावाखाली घेतलं गेलं आणि अलीगढ मुस्लीम विद्यापीठ, जामिया मिलिया इस्लामिया, जामिया हमदर्द यांना सोबत घेतलं गेलं. मशिदींतून घोषणा होऊ लागल्या. मुलांच्या ‘बुलावा टोळ्या’ बूथच्या दिवशी गल्ल्यांत आरोळ्या देत फिरू लागल्या.

तरीही काही ठिकाणी नकार देणाऱ्यांवर प्रशासनानं दडपण आणलं, हेही नोंदवलं पाहिजे. नावानिशी यादी हे दुधारी हत्यार आहे. जिच्या विश्वासावर घरानं गरोदरपण सांगितलं, तिच्याच यादीवरून दाराशी शिपाई आला तर पुढच्या वेळी त्या घरात मूल ‘नसतं’. अशी माहिती गोळा करणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमानं ती कोणाच्या हाती जाणार नाही हे आधी ठरवायला हवं. घरातल्या बाईला तसं सांगायलाही हवं.

कोसीच्या पात्रात

बिहारमधली कथा वेगळी होती. सहरसा, सुपौल, खगडिया, दरभंगा, मधेपुरा या जिल्ह्यांत कोसी नदी दरवर्षी पात्र बदलते. ऑगस्ट २००८ मध्ये नेपाळच्या हद्दीत कुसहा इथे बांध फुटला तेव्हा तिनं कित्येक मैल दूरचा जुना मार्ग धरला. अशा ठिकाणी गावाचा नकाशा दोन वर्षं टिकत नाही. शेतकरी पाणी ओसरल्यावर पात्रातल्या जमिनीत पीक घेतात आणि तिथेच तात्पुरत्या झोपड्या घालतात. त्यांना बासा म्हणतात. सरकारी कागदावर बासा नसतो. लसीकरण पथक बोटीनं, मग मोटरसायकलनं, मग चिखलातून पायी जाऊन पोचेपर्यंत दिवस मावळे, आणि परतायची घाई असल्यानं लांबचे बासे राहून जात.

उपाय साधा होता, खर्चिक होता आणि तो केला गेला. नदीच्या पट्ट्यातच छोटी उपकार्यालयं उघडली गेली, पथकांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय झाली, आणि कोणत्या हंगामात बासा कुठे असतो याची यादी तिथल्याच लोकांना विचारून प्रत्येक फेरीआधी नव्यानं केली जाऊ लागली. अशी यादी फार लवकर जुनी होते, हे गृहीत धरूनच ती केली होती. आपल्याकडच्या बहुतेक सर्वेक्षणांत नेमका हाच विचार नसतो. एकदा नकाशा काढला की तो पाच वर्षं भिंतीवर टांगलेला.

२००९ मध्ये पोलिओचा मुक्काम जिथे टिकून होता असे १०७ ब्लॉक निवडले गेले, ६६ उत्तर प्रदेशातले आणि ४१ बिहारमधले. तिथे लसीसोबत हात धुणं, जुलाबावर ओआरएस आणि झिंक, स्तनपान, नियमित लसीकरण यांवरही भर दिला गेला. नाली मागणाऱ्या गल्लीला हे उशिरानं मिळालेलं आणि अर्धवट उत्तर होतं. तरी उत्तर होतं.

भट्टी, रेल्वे आणि मुंबईचं सांडपाणी

उत्तर प्रदेश-बिहारचा विषाणू तिथेच थांबत नव्हता. २००५ मध्ये तो अंगोलात पोचला, पुढच्या वर्षी नेपाळ-बांगलादेशात. मुंबईशी तर त्याचं जवळचं नातं होतं. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जात होते. परळच्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्रात विषाणूची जनुकीय ओळख पटवली जाई, आणि मुंबईच्या गटारात सापडलेल्या विषाणूचं मूळ उत्तरेकडच्या पट्ट्यात निघे. शहरात एकही रुग्ण नसताना पाण्यात विषाणू आहे, याचा अर्थ कुठल्यातरी वस्तीत तो नुकताच कोणाच्या पोटातून आला आहे. २०१० मध्ये देशभरातल्या ४२ रुग्णांपैकी ५ महाराष्ट्रातले होते.

म्हणून स्थलांतरितांची स्वतंत्र यादी होऊ लागली. वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा, भटक्यांचे तळ, झोपडपट्ट्या यांची यादी प्रत्येक फेरीआधी ताजी करायची. भट्टीवर किती कुटुंबं आली हे मुनशीला, म्हणजे तिथल्या हिशेबनिसाला, नेमकं माहीत असतं, कारण त्याला उचल द्यायची असते. बांधकामावर मुकादमाला माहीत असतं. सणासुदीला घरी परतणाऱ्यांसाठी रेल्वे स्थानकं, बस स्थानकं, धावत्या गाड्या आणि सीमेवरच्या चौक्यांत डोस पाजले जात. सांडपाणी सांगे की कोणीतरी सुटलं आहे. कोण सुटलं, ते मुनशीच्या वहीतून कळे. प्रयोगशाळा आणि वस्ती यांची माहिती एकमेकींना अशी जोडली गेली, हा भाग मला या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखा वाटतो.

काय कशामुळे झालं

२००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एकच. १३ जानेवारी २०११ रोजी लक्षणं दिसलेली पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली दीड वर्षाची मुलगी ही भारतातली वन्य पोलिओची (लसीतून न आलेल्या, मूळ विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओची) शेवटची रुग्ण. मुंबईच्या सांडपाण्यात विषाणू शेवटचा सापडला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला.

या घसरणीचं सगळं श्रेय वहीला देणं खोटं ठरेल. २००५ मध्ये आलेली एकगुणी (एकाच प्रकारच्या विषाणूविरुद्धची) लस आणि जानेवारी २०१० मध्ये आलेली द्विगुणी (दोन प्रकारांविरुद्धची) लस यांनी प्रत्येक डोसाची ताकद पुष्कळ वाढवली. वही २००९ च्या आधीही होती आणि २००६-०७ चे उद्रेक तरीही झाले. माझं म्हणणं इतकंच आहे: चांगली लस हाती आली तेव्हा ती नवजात बाळापर्यंत आणि भट्टीवरच्या मुलापर्यंत न्यायची वाट आधीच तयार होती. ती वाट नसती तर नव्या लसीचाही मोठा भाग पुन्हा त्याच सहज सापडणाऱ्या मुलांच्या वाट्याला गेला असता.

महाराष्ट्रात यातलं काय लागू पडतं

पोलिओ गेल्यावर हे कौशल्य नियमित लसीकरणाकडे वळवलं गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये मिशन इंद्रधनुष सुरू झालं, आणि आशा कार्यकर्तीनं घरोघरी मोजणी करून लस बाकी असलेल्यांची यादी करावी हे त्याच्या केंद्रस्थानी आलं. तरी एकही डोस न मिळालेली मुलं अजून आहेत. २०२३ साठीचा आंतरराष्ट्रीय अंदाज भारतात अशी सुमारे १६ लाख बालकं असल्याचा होता. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरात आणि नंतर भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा घरोघरी जाऊन सुटलेली मुलं शोधावी लागली. उद्रेकानंतरची शोधाशोध नेहमीच उशिराची असते. काही मुलं तोवर गेलेली असतात.

आपल्याकडे सुटण्याच्या वाटा थोड्या वेगळ्या आहेत. उत्तर प्रदेशात बाळंतपण बहुधा सासरी होतं. महाराष्ट्रात पहिलटकरीण माहेरी येते. गरोदरपणाची नोंद सासरच्या आशाताईंकडे, जन्म माहेरच्या गावात, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ परत सासरी. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस नेमके या प्रवासात येतात. दोन्हीकडच्या आशाताई प्रामाणिक असूनही बाळ कोणाच्याच ‘बाकी’ यादीत येत नाही, कारण दोघींनाही ते दुसरीकडे असल्याचं वाटतं. यू-विनसारख्या डिजिटल नोंदीमुळे बाळाचा इतिहास आता त्याच्यासोबत जाऊ शकतो, आणि ते चांगलंच आहे. पण आलेलं बाळ आलं आहे हे आधी कोणाला तरी कळायला हवं. त्यासाठी ‘माहेरी आलेली’ आणि ‘माहेरी गेलेली’ असे दोन रकाने आणि एका आशाताईंनी दुसरीला केलेला फोन पुरतो.

ऊसतोडीचं तसं नाही. बीडकडून, अहिल्यानगरकडून टोळ्या निघाल्या की गावातल्या यादीत त्या कुटुंबांपुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं जातं आणि तिथे काम संपतं. कारखान्याच्या तळावरच्या खोपटांत ती मुलं कोणाच्याच घरांच्या यादीत नसतात. मुकादमाकडे मात्र कोयत्यांची, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांची, यादी असते, कारण त्यानं उचल दिलेली असते, आणि कोणत्या कोयत्याबरोबर किती लेकरं आहेत हे त्याला विचारलं तर तो सांगू शकतो. तळावर स्वयंपाक करणाऱ्या, लेकरं सांभाळणाऱ्या मोठ्या मुलींना तर ते तोंडपाठ असतं. ही यादी गाळप हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी आणि टोळी दुसऱ्या फडावर हलली की पुन्हा व्हायला हवी. नोव्हेंबरमध्ये नऊ महिन्यांचं असलेलं मूल मार्च-एप्रिलमध्ये गावी परततं तेव्हा गोवर-रुबेलाचा पहिला डोस वेळेवर देण्याचे महिने उलटून गेलेले असतात.